गरवायला जाण्याआधी : रॉड, रील आणि नकली मासा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त कोजागरीच्या रात्री गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिका समितीच्या सूचनेवरून, बोललो तसेच, थोडी काटछाट करून देत आहे.)



दूध आटायला अजून पाऊण तास आहे असं आत्ताच कळलं. तेवढाच वेळ मला दिलाय, म्हणून प्रस्तावना नको. थेट पैशांवर येतो.

गेल्या दिवाळीत आपल्या सोसायटीतल्या सहा मुलांनी, म्हणजे चार मुलगे आणि दोन मुली, आकाशकंदील करून विकले. नंतर वर्षभर तिन्ही विंगांची रद्दी गोळा केली. त्याचे सगळे मिळून अठरा हजार रुपये आपल्या खजिनदारांकडे जमा आहेत. या पैशांतून मासेमारीचं सामान घ्यायचं आणि डिसेंबरात रेवदंड्याच्या बाजूला समुद्रावर जायचं, असा त्यांचा बेत आहे. आईवडील म्हणतात, आधी काकांना विचारा. मुलांनी मला हिशोबही दाखवला. अठरा भागिले सहा, प्रत्येकी तीन हजार. तीन हजारांत मोबाइलवर एक संच दिसतो: रॉड, रील, दोरा, पिशवी, शिवाय शंभर रंगीत तुकड्यांची प्लॅस्टिकची डबी. सहा संच, सहा मुलं, भांडण नाही.

मला हा हिशोब मान्य नाही. का मान्य नाही तेच आज सांगायचंय. मुलांना पटलं तर ठीक, नाही पटलं तर पैसे त्यांचे आहेत, त्यांनी ठरवावं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आमच्याकडे रत्नागिरीत गळ टाकून मासे धरण्याला गरवणं म्हणतात. गरी म्हणजे गळ. गरीला कोळंबी किंवा माशाचा तुकडा लावायचा, शिसं बांधायचं, तंगूस पाण्यात सोडायचा आणि बसायचं. ही जुनी रीत, आणि चांगली रीत. मुलांना करायचंय ते निराळं. त्यात खरं आमिष नसतंच. लाकडाचा, प्लॅस्टिकचा, धातूचा किंवा रबराचा नकली मासा असतो, त्याला लूअर म्हणतात. तो लांब फेकायचा आणि रील गुंडाळत अशा चालीनं ओढत आणायचा की मोठ्या माशाला वाटावं, हा घाबरलेला किंवा जखमी मासा पळतोय. दिवसभरात तीनशे-चारशे वेळा फेकावं लागतं. म्हणजे बसून राहायचा हा खेळच नाही, आणि म्हणून सामानाची निवड इथं फार महत्त्वाची ठरते. आमिष लावून बसणाऱ्याचा रॉड कसाही असला तरी चालतो, तो दगडाला टेकवलेला असतो. लूअरवाल्याचा रॉड सकाळपासून हातात असतो.

यात कुठले मासे लागतात? खाडीत आणि खाडीच्या तोंडाशी जिताडा, ज्याला गोव्यात चोणक म्हणतात. खडकात आणि तिवरांच्या मुळांत तांबोशी. वाळूच्या किनाऱ्यावर रावस. खडकाळ टोकांवर गोबरा, कोकर, कधी बाराकुडा, आणि नशीब असेल तर सुरमई. हे सगळे शिकारी मासे, दुसऱ्या माशांच्या मागे धावणारे. एका वहिनींनी मघाशी जिन्यात विचारलं, पापलेट मिळेल का? वहिनी, पापलेट 2023 पासून आपल्या राज्याचा मासा आहे, मान मोठा आहे, पण तो पाण्यातले बारीक जीव खाणारा. नकली माशाला तो तोंड लावत नाही. पापलेट बाजारातूनच आणायचं.

आता रॉड. रॉडवर मुठीच्या वर बारीक अक्षरांत काही आकडे छापलेले असतात. दुकानात लोक रॉड हवेत हलवून बघतात, वाकवून बघतात, हे आकडे कोणी वाचत नाही. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा लूअरच्या वजनाचा. समजा 10 ते 40 ग्रॅम लिहिलंय. रॉड ही स्प्रिंग आहे असं समजा. फेकताना टोकाला असलेल्या वजनानं ती मागे वाकते आणि सुटताना ते वजन पुढे भिरकावते. पाच ग्रॅमचा लूअर लावलात तर स्प्रिंग वाकतच नाही, लूअर पायापाशी पडतो. ऐंशी ग्रॅमचा लावून जोरात फेकलात तर रॉड मोडू शकतो. म्हणून आधी ठरवायचं की आपण काय फेकणार, आणि त्यावरून रॉड. रॉड घेऊन मग त्याला काय चालेल ते शोधणं हे उलटं काम झालं. मी गिरणीत आणि नंतर कारखान्यात फिटर म्हणून काम केलंय, आधी स्क्रू बघायचा आणि मग पाना काढायचा, एवढीच ती गोष्ट.

किनाऱ्यावरून आणि खडकावरून टाकायचं असेल तर 10 ते 40 ग्रॅमचा, आठ ते नऊ फुटी, दोन तुकड्यांचा रॉड घ्यावा. त्याहून लांब घेतलात तर लूअर थोडा अधिक लांब जाईल, पण चौदा वर्षांच्या मुलाचा खांदा तासाभरात भरून येईल. खाडीच्या काठानं, तिवरांच्या फांद्यांखालून टाकायचं तर सात फूट पुरे. आपल्याला एकच घ्यायचाय, म्हणून आठ फुटी. ताकदीला मीडियम किंवा मीडियम-हेवी, आणि वाकण्याची तऱ्हा फास्ट, म्हणजे वरचा एक तृतीयांश भाग वाकेल आणि खालचा ताठ राहील असा. लूअरला हातातून झटके द्यायचे असतात ते अशा रॉडनं नीट पोचतात.

ते दुर्बिणीसारखे एकात एक सरकणारे टेलिस्कोपिक रॉड मात्र या कामाला घेऊ नका. पिशवीत मावतात म्हणून सगळ्यांना आवडतात. वाळूचा एक कण सांध्यात गेला की तो सांधा एक तर उघडत नाही, नाही तर फेकताना गरकन फिरतो. शिवाय दोऱ्याच्या कड्या प्रत्येक तुकड्याच्या टोकालाच बसवता येतात, त्यामुळे त्या कमी पडतात आणि वाकलेल्या रॉडवर दोरा नीट टेकत नाही. ताठ दोन तुकडे बरे. आपली लोकलची गर्दी बघता न्यायला त्रास होतो, पण सामान न्यायच्या सोयीसाठी घ्यायचं की मासा धरायसाठी?

कड्यांवरून आठवलं. रॉडच्या प्रत्येक कडीत आतून चिनी मातीसारखी कडक रिंग बसवलेली असते. तिला केसाएवढा तडा असला तरी दोरा हळूहळू कापला जातो, आणि तो तडा डोळ्यांना दिसत नाही. दुकानात जाताना खिशात कान साफ करायच्या कापसाच्या दोन काड्या ठेवा. प्रत्येक कडीतून कापूस फिरवा. धागा अडकला तर तो रॉड नको. दुकानदार विचित्र नजरेनं बघेल, बघू दे.

कार्बनचा रॉड हलका असतो, फायबर ग्लासचा जड पण सोशीक. पहिला रॉड मिश्र असला तरी चालेल. मात्र एक गोष्ट आईवडिलांनी ऐकून ठेवा. कार्बनमधून वीज वाहते. आकाशात गडगडाट सुरू झाला की रॉड खाली ठेवायचा आणि त्याच्यापासून दूर व्हायचं. खाडीपुलांजवळ आणि गावात डोक्यावरून विजेच्या तारा जातात, तिथं रॉड उभा धरून चालायचं नाही.

आता रील. इथं मुलांच्या डोळ्यांपुढं मोठे आकडे नाचतात. काका, यात बारा अधिक एक बेअरिंग आहेत! काका, याचा ड्रॅग पंचवीस किलो! अरे, बेअरिंग किती यापेक्षा कसली हे महत्त्वाचं. गंजणारी बारा असण्यापेक्षा नीट झाकलेली चार बरी. खाऱ्या हवेत साधं लोखंड दोन फेऱ्यांत बोलायला लागतं. आणि पंचवीस किलोच्या ओढीला तुमच्यातला एकही जण खडकावर उभा राहू शकणार नाही, तो आकडा तुम्हाला लागणारच नाही.

सुरुवातीला स्पिनिंग रीलच घ्यायचं, म्हणजे रॉडच्या खाली लटकणारं, ज्याची दोऱ्याची रिळं स्थिर राहतात आणि दोरा टोकावरून सुटतो. या कल्पनेचं एक मोठं गमतीचं मूळ आहे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे आल्फ्रेड इलिंगवर्थ नावाचे गृहस्थ कापडाच्या धंद्यातले होते. गिरणीत बॉबिन जागच्या जागी उभं असतं आणि सूत त्याच्या टोकावरून सरसर निघतं, हे ते रोज बघत असणार. त्यांनी त्याच तत्त्वावर रील केलं आणि 1905 साली पेटंट घेतलं. आपल्यापैकी ज्यांच्या घरचे लालबाग-परळला गिरणीत होते त्यांना बॉबिन काय ते सांगायला नको.

रीलच्या मापाला आकडे असतात, 1000 पासून 20000 पर्यंत. आपल्या रॉडला 4000. त्यात पुरेसा दोरा मावतो आणि वजनही बेताचं राहतं. मुलांनी दाखवलेल्या संचात 6000 चं रील होतं, बहुतेक फोटोत भारदस्त दिसावं म्हणून. रॉड आणि रील जोडून, रील बसतं त्या जागेखाली एक बोट धरून तोल बघा. मूठ एकदम खाली गेली तर रील जड, टोक एकदम खाली गेलं तर रील हलकं. थोडं इकडेतिकडे चालतं.

दुकानात रील कसं बघायचं? हँडल फिरवून तर सगळेच बघतात. हँडल पुढेमागे, आतबाहेर हलवून खुळखुळ बघा. मग बेल, म्हणजे दोरा धरणारी तारेची कमान, ती उघडून हातानं बंद करा. खटकन आणि घट्ट बसली पाहिजे. त्या कमानीच्या कोपऱ्यात एक बारीक चाक असतं, लाइन रोलर. दोरा त्यावरून वळतो. ते बोटानं फिरतंय ना ते बघा. ते अडकलं तर दोरा एकाच जागी घासून त्याला खाच पडते आणि ती खाच दोरा खाते. हे चाक बघणारं गिऱ्हाईक मी अजून दुकानात पाहिलेलं नाही. शेवटी ड्रॅग. ड्रॅग म्हणजे ब्रेक. मासा जोरात ओढायला लागला की दोरा तुटण्याऐवजी रीलमधून सुटत जावा, यासाठीची व्यवस्था. दोरा हातात धरून ओढा. पहिल्या क्षणाला अडखळून मग एकदम सुटला, तर ते रील परत ठेवा. सुरुवातीपासून लोण्यासारखा सुटला पाहिजे, कारण दोरा तुटतो तो त्या पहिल्या हिसक्यालाच.

ड्रॅग किती घट्ट ठेवायचा याचा अंदाज हातावर सोडू नका. गावाला जाताना बॅग तोलायचा लटकता काटा हल्ली घरोघरी असतो. दोऱ्याचं टोक त्याला बांधा आणि ओढा. दोऱ्याची ताकद जेवढी असेल त्याच्या पाव ते एक तृतीयांशाला दोरा सुटायला हवा. तीस पौंडी दोरा म्हणजे साडेतेरा किलो, तर साधारण साडेतीन किलोला. मुलांसाठी मी तीनच ठेवीन.

मग दोरा. आमच्या लहानपणी तंगूस होता, नायलॉनचा. तो ओढला की रबरासारखा लांब होतो. आमिषाच्या मासेमारीला ते बरंच, पण साठ मीटरवरच्या नकली माशाला इथून झटका दिला तर अर्धा झटका तंगूसच खाऊन टाकतो. म्हणून आता ब्रेडेड लाइन वापरतात. ब्रेड म्हणजे पाव नव्हे, वेणी. पॉलिथिलीनचे अतिशय बारीक धागे चार-चार, आठ-आठ पेडांत विणलेले असतात. ताणत जवळजवळ नाही, आणि तेवढ्याच ताकदीच्या नायलॉनच्या निम्म्याहून कमी जाड. बारीक म्हणून वारा कमी लागतो आणि लूअर लांब जातो. डब्यावर पीई 1, पीई 2 असं लिहितात, ती जाडीची जपानी पद्धत. आपल्याला पीई 2, दोनशे मीटर.

याचे तोटेही सांगतो, कारण दुकानदार सांगणार नाही. एक, हा दोरा गुळगुळीत. रिळावर नुसता गुंडाळला तर सगळा गठ्ठाच गरगर फिरतो. आधी साध्या तंगुसाचे आठ-दहा वेढे द्यायचे, त्यावर हा बांधायचा. दोन, खडकाला घासला की लगेच तुटतो. म्हणून पुढच्या टोकाला दीड मीटर जाड फ्लुरोकार्बनचा तुकडा जोडायचा, त्याला लीडर म्हणतात, तीस ते चाळीस पौंडांचा. खाडीत जिताडा तिवरांच्या मुळांत शिरतो, तिथं चाळीसच. सुरमईच्या दातांपुढं मात्र तोही टिकत नाही, तिथं वीतभर पोलादी तार लागते. ती गाठ, म्हणजे ब्रेड आणि लीडर जोडणारी, दुहेरी युनी गाठ, मी मुलांना शिकवीन. एफजी नावाची एक त्याहून बारीक गाठ आहे, कडीतून अलगद जाते, पण वाऱ्यात खडकावर बसून ती बांधता यायला वर्ष जातं.

आणि तीन, हे सगळ्यात महत्त्वाचं. हा दोरा हात कापतो. लूअर खडकात अडकला की माणूस दोरा हाताला गुंडाळून ओढतो, अगदी सवयीनं. माझ्या चुलतभावाच्या करंगळीला सात टाके पडलेत, मासा नव्हता, काही नव्हतं, नुसता अडकलेला दोरा. अडकलं तर दोरा एका लाकडी दांडक्याला चार वेढे गुंडाळायचा आणि दांडकं धरून, तोंड वळवून सरळ मागे जायचं. तोंड वळवायचं कारण लूअर सुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो. म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. साधा गॉगल चालेल, पोलराइज्ड असेल तर पाण्याखालचा खडकही दिसतो.

लूअरबद्दल मी दोन तास बोलू शकतो, पण दूध उतू जाईल. एवढंच सांगतो. फिनलंडमध्ये लाउरी रापाला नावाचे एक गरीब मच्छीमार होते. वल्हवता वल्हवता त्यांच्या लक्षात आलं, की मोठा मासा थव्यातला जो मासा जरा वेडावाकडा पोहतो त्याच्यावरच झडप घालतो. 1936 च्या सुमारास त्यांनी बुचाच्या लाकडाचा तुकडा चाकूनं तासला, त्यावर चॉकलेटची चांदी चिकटवली, फोटोच्या फिल्मच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला, आणि तसा वेडावाकडा पोहणारा नकली मासा केला. पुढे त्याची जगभर कंपनी झाली. मुद्दा असा, की चाल महत्त्वाची. रंगापायी डबे भरणारे लोक मी पाहिलेत. दुकानातले निम्मे रंग माशासाठी नसून गिऱ्हाइकासाठी असतात असं माझं मत आहे. गढूळ पाण्यात भडक किंवा काळा, स्वच्छ पाण्यात चंदेरी, एवढ्यावर माझी बरीच वर्षं गेली.

चार लूअर पुरेत. एक बारा सेंटीमीटरचा तरंगता मिनो, बोयच्या पिल्लासारखा, पाण्यात हातभर खोल पोहणारा. एक तीस ग्रॅमचा धातूचा जिग, तो वाऱ्यातही लांब जातो आणि सगळ्यात स्वस्त. एक पॉपर, ज्याचं तोंड वाटीसारखं असतं आणि झटका दिला की पाण्यावर डुबुक असा आवाज करतो. सकाळी उजाडताना मासा पाणी फोडून त्याच्यावर येतो, ते बघितलं की माणूस या नादातून सुटत नाही. आणि एक रबरी शेपटीचा मासा, शिशाच्या डोक्याच्या गळासकट. जिताड्याला हाच आवडतो. खाडीत तळाशी हळूहळू ओढायचा. शंभर तुकड्यांच्या डबीत हे सगळं असतं, पण त्यातले गळ सुईच्या तारेचे, दोन किलोच्या माशानं सरळ होतात.

नव्या लूअरला बहुतेक तीन तोंडांचे गळ असतात, दोन-दोन, म्हणजे सहा टोकं. मी पहिलं काम ते काढून एकेरी गळ बसवायचं करतो, खाऱ्या पाण्यासाठी बनवलेले, आणि त्यांचे उलटे काटे पकडीनं दाबून टाकतो. मासे सुटतात का? थोडे सुटतात. पण तडफडणाऱ्या माशाच्या तोंडातून सहा टोकं काढताना मुलाच्या हातात घुसलेला गळ हा सहलीचा शेवट असतो. काटा दाबलेला असेल तर तो आल्या वाटेनं निघतो. नसेल तर ओढायचा नाही, दोरा कापून तसंच डॉक्टरकडे, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.

दुसरं कारण, मासा परत सोडायचा असेल तर तो जिवंत राहायला हवा. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे हातभराहून मोठा, फोटो काढावासा वाटणारा जिताडा ही बहुधा अंडी देणारी मादी. तिला सोडली तर पुढच्या हजारो आल्या. गोबऱ्याचं उलट, तो आधी मादी आणि मग नर. म्हणून माझा नियम असा आहे, अगदी लहान सोडायचा, फार मोठा सोडायचा, मधला घरी न्यायचा, तोही जेवढा त्या रात्री खाऊ तेवढाच. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ती कोळी माणसं जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद ठेवून बसतात. आपण तर हौसेला जाणारे.

आता पाण्याबद्दल. आज पौर्णिमा. तिथीला पाऊणनं गुणलं की मुंबईच्या बाजूला भरती पूर्ण व्हायची वेळ ढोबळमानानं मिळते, हा जुना हिशोब. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे आत्ता आपण इथं बसलोय तेव्हा खाडीत पाणी चढतंय. अष्टमीला आठ पाऊणे सहा, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी जोरात येतं आणि जोरात जातं. अष्टमीला भांग, पाणी सुस्त. मासा वाहत्या पाण्यात खातो, म्हणून भरतीचे शेवटचे दोन तास आणि सुकतीचा पहिला तास धरायचा. पण हेच उधाण खडकावर माणसाला वेढतं. येताना ज्या दगडावरून आलो तो दगडच पाण्याखाली गेलेला असतो.

मुलांनो, म्हणून माझा हिशोब ऐका. पहिली खरेदी दोन लाइफ जॅकेटची, चांगली, तीन हजार. रॉड आणि रीलचे दोनच संच, प्रत्येकी पाच हजार, दहा हजार. दोन्हींचा दोरा दोन हजार. लीडर सहाशे. चार लूअर, चारशेच्या आसपास एक, सोळाशे. लांब तोंडाची पकड, कापणी, एकेरी गळ, लहान हुक असं सगळं सहाशे. झाले सतरा हजार आठशे. दोनशे रुपयांचे वडापाव.

तुम्ही म्हणाल सहाजणांत दोन रॉड, मग बाकीचे काय करणार? तीन-तीनच्या दोन तुकड्या करा. एकानं टाकायचं, जॅकेट घालून. दुसऱ्यानं त्याच्या मागे उभं राहून फक्त समुद्र बघायचा. गंमत नाही ही. आकाश निरभ्र असताना दूरच्या वादळाची लाट येते, चारपाच लाटांमागून एक मोठी. तिच्याकडे पाठ असलेला माणूस जातो, आणि ज्याच्या डोळ्यांपुढं लूअर आहे त्याला ती दिसत नाही. तिसऱ्यानं मासा काढायचा, पाण्याची बाटली आणि पकड सांभाळायची. वीस मिनिटांनी अदलाबदल. खडकावर पाय ठेवण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं, सगळ्यात मोठी लाट कुठवर ओलं करते ते. त्या ओल्या रेषेच्या पुढं जायचं नाही. हैदराबादची इन्कॉइस नावाची सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते, आदल्या दिवशी ते बघायचे. पावसाळ्यात खडकावर जाणं नाही, कितीही मासा लागत असो. सहा स्वस्त रॉड घेतलेत तर सहाही जण एकदम टाकत असतील आणि समुद्राकडे कोणीच बघत नसेल. मला तीन हजारांचे सहा संच नको आहेत त्याचं खरं कारण हे, रीलचा गंज नव्हे.

आईवडिलांपैकी दोघं सोबत येणार असतील तर मी येईन, नाही तर नाही. पहिली फेरी वाळूच्या किनाऱ्यावरच, खडक नंतर.

घरी आल्यावरचं काम. पाण्याची टंचाई आहे, सेक्रेटरीसाहेब माझ्याकडे बघतायत. एक बादली पुरते. ड्रॅग घट्ट करायचा, म्हणजे पाणी आत जात नाही, आणि नळाच्या हलक्या धारेखाली रील धरायचं. फवाऱ्याचा जोर लावला तर मीठ आतच ढकललं जातं. पुसून सावलीत वाळवायचं, मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवायचा, लाइन रोलरला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. रॉडच्या कड्या ओल्या फडक्यानं पुसायच्या. लूअर रात्रभर बादलीत. बादलीत गळ आहेत हे घरात सगळ्यांना सांगून ठेवायचं, सकाळी अंघोळीला जाणारा माणूस अर्धवट झोपेत असतो.

सामान आलं की पुढचे तीन रविवार सकाळी सात ते आठ आपल्या मागच्या मोकळ्या जागेत सराव. लूअरचे गळ काढून, किंवा नुसतं तीस ग्रॅमचं शिसं बांधून. जमिनीवर बादली ठेवायची आणि पंचवीस पावलांवरून तिच्यात टाकायचं. ए विंगच्या ज्यांच्या गाड्या त्या बाजूला लागतात त्यांनी त्या तासाभरासाठी पुढे आणून लावाव्यात एवढी विनंती. वडील मंडळींपैकी कोणाला हात साफ करायचा असेल तर त्यांनीही यावं, माझा जुना रॉड आणि 4000 चं रील तिथं असेल. ज्यांनी मुलांच्या हिशोबाला होकार दिला होता त्यांनी माझा हिशोब लिहून घ्यावा, खजिनदारांकडे कागद ठेवलाय.

दूध आलं वाटतं.